ताइताचा पत्ता

बटाटेवालीने समितीच्या बाईंना जीभ दाखवली, तेव्हा बटण कोणीच दाबलेलं नव्हतं.

बाई म्हणजे इन्सुआस्ती बाई. सहा जानेवारीच्या कार्निव्हलच्या मोठ्या मिरवणुकीआधी त्यांची समिती पास्तो शहरातल्या एकेका चित्ररथाची तपासणी करत हिंडते आणि अर्जात जे हलेल म्हणून लिहिलंय ते खरोखर हलतं का, ते बघते. लिहिया बोतिनाच्या चित्ररथावर कागदाच्या लगद्याची दोन मजली म्हातारी बसली होती. डोक्यावर फेल्ट हॅट, मांडीवर बटाट्याचं पोतं, आणि सगळ्या जगाने आपल्याला मापात फसवलंय असा चेहरा. तिने मान वळवायची, गर्दीकडे बघायचं आणि परातीएवढी लाल जीभ बाहेर काढायची, असं लिहियाने अर्जात लिहून दिलं होतं. बाई खाली उभ्या राहून वर बघत होत्या. रिमोट खळीच्या डब्याशेजारी टेबलावर पडला होता. आणि म्हातारीने गर्रकन मान फिरवून नेमकी बाईंच्या तोंडावर जीभ काढली.

"हे मुद्दाम होतं?" बाईंनी विचारलं.

"नाही हो बाई. आपोआप झालं."

"अस्सं. मग आता मुद्दाम करून दाखवा."

लिहियाने रिमोट उचलून बटण दाबलं. लाल दिवा. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. म्हातारी जीभ आत घेऊन अशी गप्प बसली होती, जशी काही जन्मात कोणाला वाकडं बोललीच नाही.

"आमच्या सासूबाई अशाच," समितीतले दुसरे गृहस्थ म्हणाले. "सांगितलं की ढिम्म, आणि पाहुणे आले की सुरू."

बाई हसल्या नाहीत. "हे बघा, तुम्ही पहिल्या वर्षाच्या उस्ताद आहात. परीक्षकांच्या मंचासमोर ही म्हातारी हलली नाही, तर पुढच्या वर्षी तुमच्या नावाने अर्ज घेतला जाणार नाही. मग जायचं परत दुसऱ्याच्या हाताखाली. कळलं?"

कळायचं काय त्यात. दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या, हे साऱ्या पास्तोला ठाऊक होतं. सेगुंदोच्या. लिहियाच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या.

उस्ताद पेरेग्रीनो बोतिना यांना घरात आणि कारखान्यात सगळे ताइता म्हणायचे, बापाला म्हणतात तसं. ताइता गेले आणि त्यांच्या नावाची प्रार्थना होते ना होते तोच सेगुंदोने शेडचं कुलूप बदललं. लिहिया सकाळी नेहमीसारखी एप्रन बांधून आली, तर दारात हा उभा. "यायचं तर ये," तो चार कामगारांसमोर म्हणाला. "लगदा लावायला माणूस हवाच आहे. रोजंदारी देईन." लगदा लावायला! ताइतांच्या शेवटच्या सगळ्या चित्ररथांचे चेहरे कोणाच्या बोटांनी घडले होते, हे त्या चौघांनाही माहीत होतं आणि चौघंही जमिनीकडे बघत होते. लिहिया आत गेली, खिळ्याला टांगलेला ताइतांचा जुना रिमोट उचलला, त्यांचा प्रोग्राम असलेली पेनड्राइव्ह उचलली आणि निघाली. सेगुंदो तेव्हापासून गावभर सांगत होता की बहिणीने चोरी केली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता ती शेडच्या मागे दोन गल्ल्या सोडून एका रिकाम्या प्लॉटवर, प्लास्टिकच्या कापडाखाली काम करत होती. गालेरासच्या डोंगरावरून येणारा गारठा कापडाच्या खालून शिरायचा आणि लगदा वाळता वाळायचा नाही. प्लॉटच्या मालकाला फेब्रुवारीत बांधकाम काढायचं होतं. म्हणजे छप्पर नाही, आणि म्हातारी हलली नाही तर नावही नाही. इतकी वर्षं घासून शेवटी त्या सेगुंदोच्या हातून रोज घ्यायचा!

आणि दोष होता तरी कशात? पूर्वी चित्ररथाच्या पोटात माणूस बसायचा. त्याला बाहेरचं काही दिसत नसे. उस्ताद पुढून चालत शिट्टी मारायचे, आणि आतला माणूस दोरी ओढायचा. एका वर्षी ट्रकच्या धुराने आतला माणूस बेशुद्ध पडला, तेव्हा ताइतांनी दोऱ्या कायमच्या सोडल्या. साठी उलटल्यावर ते संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसले, नातवाच्या वयाच्या पोरांमध्ये, आणि सोल्डरिंग शिकले. एक छोटा बोर्ड रिमोटमध्ये, एक बोर्ड पुतळ्याच्या पोटात, आणि दोघांना काडेपेटीएवढी रेडिओची चिप. बटण दाबलं की रिमोट हाक मारणार. पोटातला बोर्ड मोटर फिरवणार आणि उलट सांगणार, पोचलं. उत्तर आलं तर रिमोटवर हिरवा दिवा, नाही आलं तर लाल. एवढंच यंत्र. त्याचा प्रोग्राम ताइतांनी एकदाच लिहिला आणि वर स्वतःच्या शब्दांत ताकीद घालून ठेवली: इथल्या ओळींना हात लावायचा नाही, आपापलं खाली लिहायचं.

बोतिनांच्या कारखान्याचा एक कायदाच होता. उस्तादाने केलेल्या साच्याला कानस लावायची नाही. साच्यातून नक्कल काढा, मग नकलेचं नाक कापा नाहीतर कान लांबवा, साचा तसाच राहिला पाहिजे. भावाबहिणीने प्रोग्रामही तसाच वापरला, तिने पेनड्राइव्हवरून, त्याने शेडमधल्या कॉम्प्युटरवरून. अख्खा उतरवून घेतला, आपापल्या पुतळ्याच्या हालचाली खाली जोडल्या आणि वरच्या ओळींकडे दोघांनीही ढुंकून पाहिलं नाही.

बाई गेल्या आणि लिहियाने म्हातारीचं पोट उघडलं. आधी बॅटऱ्या बदलल्या. मग तिला वाटलं, मोटर सुरू होताना सगळा करंट ओढून घेत असेल आणि रेडिओची चिप बिचारी उपाशी राहत असेल. म्हणून चिपच्या पायांशी एक कपॅसिटर सोल्डर केला. मोटरला वेगळी बॅटरी दिली. पुतळ्याच्या आत लोखंडी गज आणि जाळीचं जंजाळ, त्यातून रेडिओचा आवाज बाहेर पडत नसेल म्हणून अँटेना म्हातारीच्या हॅटमधून वर काढली. प्रत्येक वेळी सकाळी दिवा हिरवा व्हायचा आणि लिहिया देवाचे आभार मानायची. दुपार कलली की पुन्हा लाल. पुन्हा म्हातारी मनाला येईल तेव्हा जीभ काढायची. एकदा प्लॉटच्या मालकाला काढली. तो बायकोला घेऊन आला होता.

तिचा नवरा फिदेन्सियो टॅक्सी चालवायचा आणि उरलेल्या वेळात तिच्यासाठी दिवा धरून उभा राहायचा.

"हे बघ," लिहिया म्हणाली. "बघतोयस का? मी दाबलं. जीभ आली. आणि दिवा?"

"लाल."

"म्हणजे माझं तिला ऐकू जातं. तिचं उत्तर मला येत नाही."

"येत नसेल. बायकांना उत्तर देऊन कोणाचं भलं झालंय?"

"फिदेन्सियो, पक्कड मारीन."

"बरं बरं." त्याने दिवा दुसऱ्या हातात घेतला. "मी सांगतो तुला काय आहे ते. तुझा भाऊ आहे. त्याचा वेल्डर परवा माझ्या टॅक्सीत होता. म्हणतो, सेगुंदोने काली शहरातून एक खोकं मागवलंय, रेडिओचं. दुपारी शेडमध्ये काम सुरू होतं आणि दुपारीच तुझी म्हातारी बिघडते. आता दोन आणि दोन चार मी सांगायला पाहिजेत का?"

नाही. ते तिने आधीच केले होते, फक्त मोठ्याने म्हटले नव्हते. तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पक्कड एप्रनच्या खिशात टाकली, रिमोट हातातच राहिला, आणि ती दोन गल्ल्या पायी तुडवत शेडपाशी आली.

दार बंद होतं. नवं कुलूप, पितळी, चकचकीत. बाहेरूनच एकदा सणसणीत शिवी हासडावी म्हणून तिने दाराच्या फटीला तोंड लावलं, आणि आत तिला ताइता दिसले.

सेगुंदोने बाप केला होता. शेडच्या छताला टेकेल एवढा, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला, डोक्यावर तीच कडा झिजलेली हॅट. तोंड चुकलं होतं. गाल भरलेले, हनुवटी कोणा बँकेच्या साहेबासारखी. चेहरे करायला बसवायचं कोणाला, आणि हा बसला कोण. पण खांदे ताइतांचेच होते, आणि ते बघून लिहिया शिवी द्यायची विसरली. तिची मूठ आवळली गेली. मुठीत रिमोट होता.

आत मोटर घरघरली. बापाचा भला थोरला हात हळूहळू वर गेला आणि त्याने डोक्यावरची हॅट उचलली.

"आई शप्पथ, पुन्हा!" सेगुंदो आतून ओरडला. "पुन्हा आपोआप! अरे मी हातसुद्धा लावला नाहीये! ती सटवी मागच्या गल्लीत बसून काहीतरी करतेय, मी सांगतो तुम्हाला!"

लिहियाने रिमोटकडे बघितलं. लाल दिवा. तिने जाणूनबुजून पुन्हा दाबलं. हॅट खाली आली. पुन्हा दाबलं. हॅट वर. मग तिने दोन्ही हातांनी दार बडवलं.

सेगुंदोने दार उघडलं तो सोल्डरिंगची तापलेली सळई हातात घेऊनच.

"आलीस? कबूल करायला आलीस?"

"तूच कबूल कर. कालीहून काय मागवलंस?"

"नवी चिप! तीन चिपा बदलल्या तुझ्यापायी. मी हॅट वर करतो, कोणीतरी खाली करतं. समितीसमोर माझा बाप हमालासारखा हात वरखाली करत होता. ती इन्सुआस्ती बाई मला विचारते, हे गृहस्थ माश्या वारतायत का?"

"आणि माझ्या म्हातारीने तिला जीभ दाखवली! तू इथे बोंबलत बटणं दाबत बसलास म्हणून!"

दोघंही एकदम थांबले. बोतिनांचं डोकं तापट असतं, पण बंद नसतं. लिहियाला आधी उमगलं.

"हिरवा दिवा लागतो का तुझा?"

"कधी कधी. हॅट वर जाते आणि दिवा लाल. उत्तरच येत नाही."

"येतं. दोन येतात." ती पायरीवरच बसली. "पत्ता, सेगुंदो. वरच्या ओळींतला पत्ता."

रेडिओला पत्ता लागतो. ज्या पत्त्यावर हाक येईल त्या पत्त्याचा बोर्ड ओ देतो. पत्त्याची जागा पाच अक्षरांची, आणि ताइतांनी त्यात रोमन लिपीत बरोबर पाच अक्षरं बसवली होती: ताइता. भावाने तीच उतरवून घेतली होती आणि बहिणीनेही. याने बटण दाबलं की दोघांचे पुतळे हलणार. तिने दाबलं तरी दोघांचे. आणि दोन्ही पोटांतले बोर्ड एकाच क्षणी पोचलं, पोचलं म्हणून ओरडणार, तेव्हा दोघांचं मिळून एक अक्षरही धड ऐकू येणार नाही. आणि हाकाच एकमेकींवर आदळल्या तर दोन्ही पुतळे ढिम्म, बाईंसमोर झालं तसं. इतके दिवस बॅटऱ्या काय, कपॅसिटर काय. बाप एक आणि ओ देणारे दोन.

"मग बदल," सेगुंदो म्हणाला.

"तू बदल."

"मी का बदलू? शेड ताइताची, चित्ररथ ताइताचा, वर ताइता बसलाय. तू बदल. तुझ्या त्या भाजीवालीला काय, काहीही पत्ता चालेल."

"मी थोरली आहे. ताइतांच्या शेजारी बसून ही चिप मी सोल्डर केली, तेव्हा तू दारू पिऊन बिलियर्डच्या टेबलाखाली झोपला होतास."

"ए, तोंड सांभाळ."

"आणि तोंडावरून आठवलं, त्यांचं तोंड चुकवलंयस तू. ते काय तोंड आहे? तो ताइता आहे की कर्ज देणारा साहेब?"

मागे एक कामगार फिस्सकन हसला. सेगुंदोचा चेहरा काळाठिक्कर पडला. "पत्ता माझा आहे," तो सावकाश म्हणाला. "मुलगा मी आहे. तू लगदा लावणारी. मंचासमोर माझा बाप हलेल आणि तुझी म्हातारी मातीत बसेल, आणि पुढच्या वर्षी तू ह्याच दारात रोज मागायला येशील. आणि तो चोरलेला रिमोट ठेवून जा इथे."

"ये घ्यायला," लिहिया म्हणाली आणि खिशातल्या पकडीवर हात ठेवून उलट्या पावली गल्लीत आली.

संध्याकाळी तिने प्रोग्राम उघडला. इथल्या ओळींना हात लावायचा नाही. किती तरी वेळ ती नुसती त्या ओळीकडे बघत बसली. ताइता समोर असते तर म्हणाले असते, साच्याला कानस लावतेस? आणि बरोबरच म्हणाले असते. पण समोर ताइता नव्हते, पहिल्या वर्षाचा नियम होता. तिने बापाची पाच अक्षरं एकेक करून पुसली, आणि तिला रडू फुटलं ते भावाच्या रागाने की बापाच्या आठवणीने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्या जागी तिने स्वतःचं नाव घातलं. लिहिया. रोमन लिपीत तेही बरोबर पाच अक्षरांत बसलं. मग एक नवा रिमोट जुळवला, त्यातही तोच पत्ता घातला, आणि बटण दाबलं.

म्हातारीने मान वळवली, जीभ काढली. हिरवा दिवा. पुन्हा. हिरवा. भर संध्याकाळी, शेडमध्ये सगळं चालू असताना हिरवा.

"सुटलीस!" फिदेन्सियो म्हणाला. "आता तो जुना रिमोट त्याच्या तोंडावर फेक आणि विषय संपव."

"देते की," लिहियाने जुना रिमोट एप्रनच्या खिशात टाकला. "मिरवणुकीत देते."

"लिहिया, काय करणार आहेस?"

"तू टॅक्सीकडे बघ."

करायचं काय, ते तिचं ठरलेलं होतं. सेगुंदोची हॅट एकदा दाबलं की वर आणि पुन्हा दाबलं की खाली. तो मंचासमोर बटण दाबणार. त्याच घटकेला तिने खिशातलं बटण दाबायचं. दोन हाका लागोपाठ पोचणार, हात जरासा उचकणार आणि जागच्या जागी बसणार. तो पुन्हा दाबेल, ती पुन्हा दाबेल. साऱ्या पास्तोसमोर सेगुंदो बोतिना बटण दाबत राहील आणि बाप त्याला भीक घालणार नाही. पाप होतं हे, तिला माहीत होतं. पापाचा कबुलीजबाब सात तारखेला देता येतो.

मिरवणुकीच्या क्रमाच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि तिचा चित्ररथ नेमका त्याच्या मागे आला. देवालाही कधी कधी गंमत सुचते.

सहा तारखेला सगळं गाव एकमेकांना पावडर आणि फेस फासतं, रस्ता पांढराफेक होता. पावडरचे ढग उठत होते, फेसाचे डबे फुसफुसत होते, बाल्कन्यांमधून लोक ओरडत होते, "पास्तोचा विजय असो, च्यायला!" लिहिया आपल्या म्हातारीपुढे पाठीमागे तोंड करून चालत होती, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. सगळेच उस्ताद बांधतात. म्हातारी डावीकडे जीभ काढायची, उजवीकडे काढायची, आणि जिला जीभ दिसली ती बाई खूश होऊन शिव्या द्यायची. प्रत्येक वेळी दिवा हिरवा. लिहियाचा जीव सुपाएवढा झाला होता.

पुढे सेगुंदोचा ताइता हॅट उचलत चालला होता. वयस्कर माणसं ओळखून ओरडत होती, "उस्ताद पेरेग्रीनो! नमस्कार, उस्ताद!" तो आवाज ऐकून लिहियाला सेगुंदोचा आणखीच राग येत होता. ह्या नमस्काराला तिचाही हक्क होता, आणि हा एकटाच पुढे चालून तो गोळा करत होता.

मंच आला. लाउडस्पीकरवरून निवेदकाने सेगुंदो बोतिनाचं नाव पुकारलं. बँड थांबला. सेगुंदोने रथाच्या बाजूला सरून बापाकडे तोंड केलं, आणि हात भरून आले असतील म्हणा, बोटांना बटण नीट लागावं म्हणा, रिमोटवरची पिशवी ओढून काढली. तेवढ्यात कठड्यापलीकडून कोणीतरी अख्खा फेसाचा डबा त्याच्यावर रिकामा केला. सहा तारखेला कोणी कोणाला परवानगी मागत नाही. सेगुंदो आंधळ्यासारखा डोळे पुसत होता, रिमोटमधून फेस ठिबकत होता. निवेदक म्हणाला, "आणि आता उस्ताद पेरेग्रीनो पास्तोला वंदन करतील!"

लिहिया आता पुढे वळून उभी होती, डावा हात एप्रनच्या खिशात. तिची नजर भावाच्या अंगठ्यावर होती. फेस आणि अंतर, यांतून तिला एवढंच दिसलं की अंगठा वर झाला. अंगठा खाली आला. तिने दाबलं.

ताइतांचा हात उठला. न अडखळता, न उचकता, मोठ्या माणसाने उठवावा तसा, आणि हॅट डोक्यावरून वर गेली. चौक दणाणून गेला. टाळ्या, शिट्ट्या, बायका रडायला लागल्या. परीक्षकांपैकी एक म्हातारा उभा राहिला आणि त्याने स्वतःची टोपी काढली.

लिहियाला काही कळेना. तिने रिमोट खिशातून बाहेर काढून बघितला. हिरवा दिवा. हाक तिची, उत्तर एकच. सेगुंदोचा रिमोट मेला होता. दोन हाका पोचल्याच नव्हत्या, फक्त तिची पोचली होती.

सेगुंदो हातातल्या मेलेल्या डबीकडे बघत होता. मग त्याने वर बापाकडे बघितलं. मग वळून बहिणीकडे, आणि तिच्या हातातल्या जुन्या रिमोटकडे. हॅट वरच होती. टाळ्या ओसरू लागल्या होत्या, आणि आता ती खाली यायला हवी होती. त्याच्या तोंडावर पावडर होती, फेस होता, पण डोळे दिसत होते. ताइता गेल्यापासून तिने त्याचे असे डोळे बघितले नव्हते.

राहू दे तसंच, तिच्या मनात आलं. राहू दे वर. त्याला जरा घाम फुटू दे.

तिने त्याला घाम फुटू दिला. मग तिची नजर वर गेली, त्या चुकलेल्या तोंडाकडे आणि न चुकलेल्या खांद्यांकडे, आणि हवेत ताटकळलेल्या हाताकडे. तिने दाबलं. हॅट सावकाश खाली आली.

त्याचा चित्ररथ पुढे सरकला. तिची पाळी आली. म्हातारीने परीक्षकांसमोर मान फिरवली, आणि लिहियाने मुद्दाम थोडी जास्तच फिरवून, सेगुंदोच्या पाठीकडे बघून जीभ काढायला लावली. चौक हसून लोटपोट झाला. "उस्ताद लिहिया बोतिना, पहिलं वर्ष," लाउडस्पीकर गरजला, "हालचाल मंजूर!" आपलं नाव एवढ्या मोठ्याने तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकताना ती भावाकडेच रागाने बघत होती.

मिरवणूक जिथे संपते तिथे चित्ररथ ओळीने उभे होते. सेगुंदो आला. दोन्ही हातांत गरम एर्विदोचे पेले, फळांच्या रसात उकळलेल्या दारूचा वास दुरून येत होता.

"घे."

तिने घेतला नाही.

"फेस गेला होता रिमोटमध्ये," तो म्हणाला. "तू बघितलंस."

"हं."

"मला वाटलं नव्हतं तू... जाऊ दे." त्याने दोन्ही पेले एका हातात धरले, खिशात हात घातला आणि पितळी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "फेब्रुवारीत तुझा प्लॉट जाणार. अर्धी शेड घे. डावीकडची."

किल्ली खिशातल्या उबेने गरम होती. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. नाव मिळालं, छप्पर मिळालं, आता तोंड मिटलं की झालं. पण हा गाढव जन्मभर समजणार की लिहियाने त्याच्यावर दया केली. दया! ह्याच्यावर! ते तिला सोसेना.

"मी तुला वाचवायला नव्हतं दाबलं," ती म्हणाली. "बुडवायला दाबलं. तू वर करणार, मी खाली करणार, आणि सगळं पास्तो तुला हसणार, असं ठरवून आले होते. तुझा रिमोट मेलाय हे मला माहीतच नव्हतं."

सेगुंदोच्या गालावरची पावडर तडकली. "किल्ली परत दे."

"नाही देत."

"लिहिया, किल्ली."

तिने मूठ मिटली.

"मग रिमोट दे. माझ्या बापाचा आहे तो."

"माझ्याही."

त्याने एक पेला तोंडाला लावून रिकामा केला. मग तिच्याकडे बघत, अगदी सावकाश, तिच्यासाठी आणलेला दुसराही प्यायला. तोंड पुसलं. "आणि दुसऱ्यांदा दाबलंस ते? हॅट खाली आणलीस ती? तीही मला बुडवायलाच?"

लिहियाने त्याच्या खांद्यावरून वर बघितलं. ताइता गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, अंगभर पावडर.

"हात दुखला असता त्यांचा," ती म्हणाली.

सेगुंदोनेही वर बघितलं. मग त्याने रिकामे पेले एकात एक घातले.

"डावीकडची," तो म्हणाला. "उजवीकडे पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन."

"तोंड मी दुरुस्त करणार त्यांचं."

"हात तर लावून बघ."

"उद्याच येते," लिहिया म्हणाली, आणि किल्ली रिमोटशेजारी खिशात टाकली.